खुर्ची मागून कोण बघतंय?

खुर्चीच्या बाबतीत ताईपुढे कुणाची मात्रा चालत नसे. नट असो, दिग्दर्शक असो, ताईने एखाद्या खुर्चीला नाक मुरडलं की ती रंगमंचावर जाणार नाही, हे सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलेलं होतं. उभं आयुष्य तिने नाटकांची प्रॉपर्टी सांभाळण्यात घातलं. म्हणजे नाटकात जे जे सामान लागतं ते शोधायचं, जमवायचं आणि प्रयोगाच्या वेळी जिथल्या तिथे मांडायचं. त्यात दिवे आले, फुलदाण्या आल्या, टेलिफोन आले. पण तिचा जीव खुर्च्यांत. पात्र तोंड उघडायच्या आधी त्याची खुर्ची बोलते, असं ती म्हणायची, आणि नव्या नटांना हे ऐकून ऐकून तोंडपाठ झालं होतं.

खुर्ची जुनी हवी, लाकडाची हवी, हा तिचा पहिला नियम. नव्या खुर्चीला अजून बसायचं कसं तेच माहीत नसतं, म्हणे. जुन्या बाजारातल्या गोदामात ती शिरली की आधी नाकाने वास घ्यायची. वाळवीचा किंवा ओलीचा वास आला की तिथूनच माघारी. मग खुर्चीत बसून डावी-उजवीकडे हलायची. करकर वाजली की खुर्ची बाद, कारण नटाचं वाक्य खाणारी खुर्ची तिला चालायची नाही. मग बैठकीखालून हात फिरवायचा, सांधे चाचपायचे. आणि शेवटी दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, डोळे बारीक करून, शेवटच्या रांगेत बसल्यासारखं बघायचं. तिथून जर ती खुर्ची कुणाची आहे ते कळलं, तर ती पास.

आता ताई निवृत्त झाली होती. लग्न राहून गेलं होतं आणि त्याचं तिला फारसं काही वाटलंही नव्हतं. घर होतं, तब्येत ठणठणीत होती, आणि बोलायला भरपूर होतं. बोलायला माणूस तेवढा नव्हता.

म्हणूनच धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा ताईला काय आनंद झाला! धाकटीला लहानपणापासून सगळे चिमी म्हणत; केस पांढरे झाले तरी ती चिमीच. तिचे यजमान वारले त्याला आता बराच काळ लोटला होता. मूलबाळ नव्हतं. मोठं घर एकटीच्या अंगावर येत होतं, म्हणून तिने ते विकून टाकलं.

"बघू ताई," चिमी फोनवर म्हणाली, "थोडे दिवस येते तुझ्याकडे. जमलं तर राहीन. नाहीतर नणंदेची मुलगी बोलावतेच आहे. तिच्याकडे वरची खोली रिकामी आहे."

"जमलं तर म्हणजे काय? जमणारच!" ताई म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं: दोघी एका घरात होत्या त्या लहानपणी. त्यानंतर ताई दौऱ्यांवर, चिमी संसारात. भेटायच्या त्या लग्नकार्यात, गर्दीत, उभ्या उभ्या. ताईला चिमी हवी होती, पाहुणी म्हणून नाही, कायमची हवी होती. हे तिने स्वतःशी अगदी स्पष्ट कबूल केलं आणि मग तिला जे उत्तम येतं त्याला ती लागली. ती खुर्ची आणायला निघाली.

जुन्या फर्निचरचा व्यापारी तिचा पूर्वीपासूनचा. नाटकवाले सगळे त्याला शेठ म्हणत, जरी शेठसारखं त्याच्याकडे पोटाशिवाय काही नव्हतं. त्याच्या दुकानात छतापर्यंत खुर्च्या एकमेकींच्या डोक्यावर चढून बसलेल्या.

"या ताई. कुठलं नाटक?"

"नाटक नाही. घर. माझी बहीण येत्येय राहायला."

"वा! कसं पात्र आहे?" शेठने सवयीने विचारलं.

"एक पाय पोटाशी दुमडून बसणारं," ताई म्हणाली. "शाळेत असल्यापासून तशी बसते. त्यासाठी आईची बोलणी खाल्ली, पण बसायची तशीच. तेव्हा बैठक रुंद पाहिजे. हात पाहिजेत, पण बुटके, गुडघा वरून बाहेर यायला. आणि उंच नको, तिचे पाय लोंबकळतात."

शेठने एक डोलणारी काढली, ती ताईने बसून न बघताच नाकारली. म्हणाली, "पेन्शन घेऊन मरायला टेकलेल्या बाईची आहे ही." मग वाकवलेल्या लाकडाची, गोल पाठीची एक आली. दिसायला चवळीची शेंग, पण बसताच कुरकुरली. मग शेठ आत गेला, काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि तो एक सागवानी खुर्ची घेऊन बाहेर आला.

रुंद होती. बैठक वेताची, मधे जराशी खोल गेलेली, पण एकही काडी तुटलेली नाही. हात बुटके, आणि पुढच्या टोकांना इतकी वर्षं इतक्या तळव्यांनी घासून लाकूड काळंभोर, गुळगुळीत झालेलं. ताई बसली, हलली. खुर्चीने चकार शब्द काढला नाही. मग ताई दुकानाच्या दाराशी जाऊन डोळे बारीक करून उभी राहिली.

तिला त्या खुर्चीत चिमी दिसली. पाय दुमडून बसलेली, पदर खोचलेला, गप्पा मारत असलेली.

"हीच," ताई म्हणाली.

"ताई, मागून पण एकदा बघून घ्या."

"खुर्ची मागून कोण बघतंय, शेठ?"

शेठ काहीतरी बोलणार होता, पण ताईचा चेहरा बघून त्याने खांदे उडवले.

घरी आल्यावर ताईने बैठकीची खोली मांडायला घेतली. तिची स्वतःची खुर्ची होतीच, उंच पाठीची, शिसवी, एका बंद पडलेल्या नाटकातल्या न्यायाधीशाची. समोरच्या भिंतीत पाहुण्यांच्या खोलीचं दार होतं. ताईने दोन्ही खुर्च्या त्या दाराकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या, किंचित तिरप्या, मधे छोटं टेबल, टेबलावर दिवा. चिमी सकाळी दार उघडून बाहेर येईल तेव्हा पडदा वर गेल्यासारखं हे सगळं एकदम दिसलं पाहिजे. समोरून येणाऱ्याच्या डाव्या हाताला नजर आधी जाते, म्हणून ती मानाची जागा ताईने चिमीला दिली. दारात उभं राहून तिने पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाली. आता फक्त नायिकेने प्रवेश करायचा बाकी होता.

चिमी एक बॅग घेऊन आली. "बाकीचं सामान?" ताईने विचारलं. "ठेवलंय एका ओळखीच्यांकडे. आधी बघू तर," चिमी म्हणाली आणि बॅग पाहुण्यांच्या खोलीत ठेवून आली. खुर्ची मात्र तिला बघताक्षणी आवडली. तळवा फिरवला, बसली, आणि दुसऱ्या क्षणाला एक पाय वर! ताईला टाळ्या ऐकू आल्या.

त्या संध्याकाळी ताईने दिवा लावला आणि गोष्टी सांगायला सुरुवात केली. किती गोष्टी साठल्या होत्या! एका प्रयोगात राजाच्या सिंहासनाचा पाय मोडला आणि राजाने उरलेला अंक सिंहासनाच्या हातावर कोपर टेकून, गुडघे वाकवून, हवेतच बसून काढला आणि शेवटी धाडकन पडला, ती गोष्ट तर तिची हुकमी. ही ऐकून आजवर हसला नाही असा माणूस नव्हता. ताईने ती रंगवून रंगवून सांगितली, समोर बघत, हातवारे करत, जिथे थांबायचं तिथे थांबत.

"हं," चिमी म्हणाली.

राजा अजून पडायचा होता तेव्हा ती हसली, आणि पडला तेव्हा म्हणाली, "हो ना."

ताई जरा चपापली. दमली असेल प्रवासाने, असं तिने मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी चिमी थोडा वेळ बसली, अवघडल्यासारखी मान वळवून वळवून ताईकडे बघत राहिली, आणि मग "डोकं जरा जड झालंय" म्हणून उठून गेली. ताई एकटीच दिव्याशेजारी बसून राहिली. तिला कंटाळवाणी म्हातारी झाल्यासारखं वाटलं, आणि हे तिला आजवर कधीही वाटलं नव्हतं.

गंमत अशी, की सकाळी स्वयंपाकघरात हीच चिमी पोपटासारखी बोलायची. ओट्यासमोरच्या टेबलाशी ताई वाटाणे सोलत बसली, की चिमी पलीकडच्या स्टुलावर येऊन बसायची, आणि मग काय विचारता! बसस्टँडच्या तिकीट खिडकीवर तिने नोकरी केली होती. तिथली एकेक माणसं ती अशी उभी करायची, की ताईला वाटावं, ही नाटकात का नाही आली? हसायची, टोमणे मारायची, ताईच्या वाटाण्यांतले निम्मे खाऊन टाकायची. आणि संध्याकाळी बैठकीच्या खोलीत आली, की तोंडाला कुलूप.

ताईने विचार केला, आणि ताईने विचार केला की तो खुर्चीचाच असायचा. बहीण तीच, मी तीच, गोष्टी त्याच. मग बदलतं काय? बसायची जागा. स्टुलावर बोलते आणि खुर्चीत गप्प होते. अर्थ उघड आहे: खुर्ची चुकली.

हे मान्य करताना तिला फार लागलं. पण चुकलेली खुर्ची तालमीतच बदलायची असते, प्रयोगाची वाट बघायची नसते. ताई शेठकडे गेली. सागवानी खुर्ची परत, आणि बदल्यात गोल पाठीची ती वाकवलेली, सांधे आवळून घेतलेली. चिमी तिच्यात बसली आणि म्हणाली, "छान आहे," आणि संध्याकाळी पुन्हा "हं" आणि "हो ना". गोल पाठीची परत गेली, डोलणारी आली. डोलणारीत चिमी दोनदा डोलली आणि तिसऱ्यांदा उठली. मग ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्टुलाला पाठ नसते! चिमीला पाठ टेकायलाच आवडत नसेल! तिने शेठकडून एक कोरीव पायांचं, मखमली गादीचं बिनपाठीचं आसन आणलं. चिमी त्याच्यावर बसून बिचारी संध्याकाळभर ताठ राहिली, तिकीट तपासनीस आल्यासारखी.

"ताई," ती शेवटी कंबर चोळत म्हणाली, "तू का गं एवढ्या खुर्च्या आणत्येस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरं आहे गं," चिमी म्हणाली. पण ती बरी नव्हती, हे शेवटच्या रांगेतूनही दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाटाण्यांच्या ढिगावरून, चिमीने सांगितलं. "मी निघते म्हणते, ताई. या आठवड्यात. नणंदेच्या मुलीला कळवलंय."

ताईने हातातली शेंग खाली ठेवली. "का?"

"तुझं घर चांगलं आहे. तू तर काय, जीव टाकत्येस. पण संध्याकाळी मला..." चिमीने हात झटकला. "तू एवढं मनापासून बोलतेस आणि मी नुसती ठोंब्यासारखी बसते. तुला कंटाळा येईल माझा. आत्ताच येतोय."

"कंटाळा तुला येतो!" ताई उसळली.

"मला नाही येत."

"मग माझ्या राजाच्या गोष्टीला भलत्याच ठिकाणी कशी हसलीस?"

चिमीचा चेहरा एकदम उतरला. ती उठली आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज ताईला इथपर्यंत आला. ताईला रडू फुटलं. पण रडता रडताही तिने शेठला फोन लावला. "ते मखमली सोंग घेऊन जा," तिने सांगितलं, "आणि माझी सागवानी परत आणा. आहे ना अजून?" जाणारच असेल चिमी, तर जाईपर्यंत तरी तिने पाय दुमडून बसावं. ती खुर्ची चुकली नव्हती. जगातल्या बाकी कशाचीही खात्री गेली तरी ताईची ही खात्री जात नव्हती.

शेठ दुपारी आला, धापा टाकत. खुर्ची आत आणली आणि टेकवायला मोकळी जागा दिसली तिथे, म्हणजे ताईच्या खुर्चीच्या बरोबर समोर, पाहुण्यांच्या खोलीकडे पाठ करून, धप्पकन ठेवली. वर आणखी कळस म्हणजे स्वतः ताईच्या न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसला.

"पाणी मिळेल का ताई?"

"मांडायची अक्कल नाही, आणि पाणी हवंय," असं म्हणत ताई स्वयंपाकघरात गेली. पाणी आणल्यावर खुर्ची सरळ करू, असं तिने ठरवलं.

आवाज ऐकून चिमी बाहेर आली. तिची खुर्ची बघून तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. लगबगीने वळसा घालून गेली आणि बसली, एक पाय वर घेऊन.

"ताई म्हणत होत्या, तुम्ही बसस्टँडवर होता," शेठ समोरून म्हणाला. "लोकांच्या शिव्या खाल्ल्या असतील मग पोटभर."

"छे! मधे काच होती ना," चिमी तिथल्या तिथे म्हणाली. "शिवी काचेवर आपटायच्या आधीच मला ओठांवर दिसायची. मी खिडकी बंद करायची."

शेठ खो खो हसला. चिमीही हसली, अगदी स्वयंपाकघरातल्यासारखी. ताई हातात पेला घेऊन दारात खिळून उभी राहिली.

मग शेठ वाकला. खुर्चीचा पुढचा पाय जमिनीला नीट टेकतोय की नाही ते बघायला त्याने मान खाली घातली, आणि तशीच खाली ठेवून विचारलं, "वेताचं काम कुणी केलं असेल हो हे? हल्लीचं नाही वाटत."

"हो ना," चिमी म्हणाली, आणि हसली.

ताईने उभं आयुष्य विंगेत उभं राहून माणसं बघितली होती. एक म्हातारा नट तिच्या डोळ्यांपुढे आला. एका कानाने ठार बहिरा होता तो, दुसऱ्याने जेमतेम ऐकायचा, आणि हे ताईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. समोरच्या नटाच्या ओठांवरून तो वाक्य उचलायचा. लोक म्हणायचे, काय तल्लीन होऊन काम करतो! समोरच्याने पाठ फिरवली की मात्र त्याचं उत्तर भलतंच यायचं, आणि तेव्हा तो असाच हसायचा. अगदी असाच.

शेठ ते मखमली आसन घेऊन गेला. ताईने खुर्ची सरळ केली नाही. ती दबक्या पावलांनी चिमीच्या मागे, डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चिमे, तुझ्या डोक्यावर पाल आहे."

पालीच्या नुसत्या नावाने घर डोक्यावर घेणारी चिमी खुर्चीचा हात कुरवाळत शांत बसून होती.

ताई उजव्या बाजूला आली. "चिमे, डोक्यावर पाल आहे."

चिमीने अशी काही किंकाळी फोडली, की शेठ जिन्यातून ओरडला, "काय झालं हो?"

"काही नाही, तालीम!" ताईने ओरडून सांगितलं आणि समोर येऊन न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली. चिमी पदर झटकत उभी होती. "पाल नाहीये. बस. डावीकडून सांगितलं तेव्हाही नव्हती, पण तेव्हा तू हललीसुद्धा नाहीस. कधीपासून?"

चिमी हळूहळू बसली.

"पुष्कळ वर्षं झाली," ती म्हणाली. "डाव्याने काहीच नाही. उजव्याने निम्मंशिम्मं, फोन त्याला घट्ट लावला की भागतं. समोरचा दिसला की सगळं कळतं. खिडकीवर कधी कुणाला पत्ताच लागला नाही."

"आणि घरी?"

"ह्यांना माहीत होतं. आठवतंय, कुठेही गेलो तरी हे माझ्या उजव्या हाताला बसायचे? लग्नात, बसमध्ये, कुठेही. लोक चेष्टा करायचे, बायकोला सोडत नाहीत म्हणून. कुणी काही बोललं आणि मला कळलं नाही, की हे तेच पुन्हा बोलायचे, स्वतःच्या मनचं बोलल्यासारखं." चिमीने डोळे पुसले. "हे गेल्यापासून उजवीकडे कुणी बसत नाही, ताई."

ताईला स्वतःचा असा राग आला की बस. मानाची जागा म्हणून तिने चिमीला जिथे बसवलं होतं, तिथून ताई रोज बरोबर तिच्या डाव्या कानात बोलत होती, तेही समोर बघून, रिकाम्या दाराला ऐकवत.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू किती रंगून सांगतेस! दर वाक्याला 'काय म्हणालीस, काय म्हणालीस' करायचं? मला लाज वाटली. ते कानातलं यंत्र आहे माझ्याकडे, पण त्याच्यात भांड्यांचा, पंख्याचा, सगळ्या जगाचा गोंगाट येतो आणि माणूस तेवढा येत नाही. म्हटलं, तुझ्या गोष्टींची माती करण्यापेक्षा आपण गेलेलं बरं. तिकडे मला कुणी गोष्टी सांगत नाही. तिकडे चालून जातं."

"चालून जातं म्हणे! मूर्ख आहेस," ताई म्हणाली. "मी त्याहून मूर्ख. मी आयुष्यभर खुर्च्या मांडल्या त्या बघणाऱ्यांसाठी मांडल्या. दोन माणसं एकमेकांशी बोलतात ते खोटं. ती दोघंही प्रेक्षकांशी बोलत असतात. घरातसुद्धा मी तेच करून बसले."

ती उठली. मधलं टेबल तिने सरळ भिंतीशी लोटलं. मग आपली खुर्ची पुढे ओढली, चिमीची हाताने आणखी जवळ घेतली, इतकी की पाय दुमडला तर गुडघा गुडघ्याला लागावा. चिमीच्या चेहऱ्यावर उजेड नको, आपल्या चेहऱ्यावर हवा, म्हणून तिने दिवा उचलून आपल्या बाजूला आणला. प्रकाश कुणाच्या तोंडावर टाकायचा, हे तर तिला झोपेतसुद्धा कळलं असतं. ओठ स्वच्छ दिसले पाहिजेत.

"दिसतंय?"

"दिसतंय," चिमी म्हणाली. "मिशीसुद्धा दिसत्येय."

"गप्प बस. ऐक. एकदा काय झालं, राजा सिंहासनावर बसला..."

ताईने गोष्ट पहिल्यापासून सांगितली. या वेळी तिने पल्लेदार आवाज लावला नाही, समोरच्या भिंतीला हातवारे केले नाहीत. एकाच माणसाकडे बघून सांगितली. राजा बसला. पाय मोडला. राजाचे गुडघे वाकले, राजाचा घाम वाहायला लागला, राणी म्हणाली, महाराज, आपण इतके अस्वस्थ का? चिमीचे डोळे ताईच्या तोंडावरून हलले नाहीत. आणि राजा धाडकन पडला, तेव्हा चिमी इतकी हसली, इतकी हसली, की तिचा दुमडलेला पाय सुटून खाली आला आणि तिला ठसका लागला.

"हे होतं होय ते!" ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं, राजाला कसलं तरी दुखणं आहे!"

ताईही हसत सुटली. हसता हसता तिलाच कळेना, आपण हसतोय की रडतोय.

पाणी पिऊन चिमी तोंड धुवायला म्हणून उठली, आपल्या दारापर्यंत गेली, आणि वळून बघताच तिथेच थबकली. "ताई! हे काय आणलंयस? मघाशी घाईत बघितलंच नाही मी!"

ताई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्या सागवानी खुर्चीची पाठ तिने आजवर एकदाही मागून नीट पाहिली नव्हती; मघाशी मागे उभी होती तेव्हाही तिची नजर चिमीच्या कानावर होती. मागच्या मधल्या फळीला उभी चीर गेली होती आणि तिच्यावर कुणीतरी डब्याचा पत्रा ठोकला होता, वाकड्या खिळ्यांनी. खालची पट्टी भलत्याच लाकडाची होती, आणि तिच्यावर हिरव्या रंगाचे ओघळ होते. शेठने खडूने मारलेली भलीमोठी फुलीही होती. मागून कोण बघतंय, असं ऐटीत म्हणणारी ती स्वतःच. शेठने तिला सांगून पाहिलं होतं बिचाऱ्याने.

"उद्या परत करते," ताई ओशाळून म्हणाली. "दुसरी बघू."

"खबरदार! बसायला सोन्यासारखी आहे ती," चिमी म्हणाली. "पण ही पाठ मात्र नीट करून घे बाई. मी माझ्या खोलीतून बाहेर आले, की रोज सकाळी पहिलं हेच ध्यान बघायचं का?"

आणि ती आत गेली. ताई तिथेच उभी राहिली. माझ्या खोलीतून, असं म्हणाली चिमी. रोज सकाळी, म्हणाली. ताईने ते दोनदा मनात म्हणून बघितलं, मग मोठ्याने म्हणून बघितलं, मग जाऊन शेठला फोन लावला.

"शेठ, उद्या सुताराला पाठवा. खुर्चीच्या पाठीला पॉलिश करायचंय."

"पाठीला? तुम्ही म्हणालात ना, मागून कोण बघतंय?"

"माझी बहीण बघणार आहे," ताई म्हणाली. "ती इथेच राहते."